मुरूम, काळी आणि चाक : मैंदर्गीच्या माळावरील कच्च्या वाटांचे शास्त्र

सायकलच्या टायरमध्ये हवा जितकी गच्च तितकी सायकल हलकी चालते, हा अनुभव डांबरी रस्त्यापुरता खरा असतो. तीच सायकल अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या मुरमाच्या वाटेवर उतरली की गच्च हवेचे चाक खड्याखड्यावर उसळू लागते, हँडल धरलेले तळवे बधिर होतात, आणि थोडी हवा सोडली की तेवढ्याच श्रमात वेग वाढतो. हवा कमी केल्याने वेग वाढावा, हे पहिले कोडे. दुसरे कोडे वाटेचे आहे. मे महिन्यात जी गाडीवाट बैलाच्या पत्र्यांखाली खणखणते, तीच आषाढातल्या दोन चांगल्या सरींनंतर चाकाला असा लगदा चिकटवते की सायकल खांद्यावर घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पण तिथून अर्ध्या किलोमीटरवर, थोड्या उंचावरच्या माळावरची दुसरी वाट तासाभराच्या उन्हात पुन्हा चालती होते. पहिल्या कोड्याचे उत्तर टायरच्या कामात आहे आणि दुसऱ्याचे खडकात व मातीत आहे. कच्च्या रस्त्यांवरून लांब पल्ल्याची सायकल चालवण्याचा जो प्रकार जगभर ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणून ओळखला जातो, त्यासाठी ही दोन्ही उत्तरे ठाऊक असावी लागतात.

मैंदर्गी हे अक्कलकोटच्या आग्नेयेस, कर्नाटकाच्या सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव. सोलापूर शहरापासून अक्कलकोट सुमारे चाळीस किलोमीटर, त्यापुढे मैंदर्गी, आणखी पुढे दुधनी, आणि सीमेपलीकडे कलबुर्गी जिल्ह्यातील अफझलपूर व आळंद हे तालुके. या पट्ट्यात वाट विचारली तर उत्तर मराठीत येईल की कन्नडमध्ये, हे गावागणिक बदलते. सह्याद्रीच्या घाटांची आणि गर्द झाडीची सवय असलेल्या डोळ्यांना हा मुलूख सपाट व उघडा वाटतो. प्रत्यक्षात तो सपाट नाही आणि ओसाडही नाही, हे सायकलवर बसल्यावर लवकर कळते.

हा खेळ डोंगरातला नव्हे, शेतातला

ग्रॅव्हल सायकलिंगची आजची ओळख घडली ती अमेरिकेच्या मध्यभागी, कॅन्सस राज्याच्या गवताळ टेकड्यांत. तेथील एम्पोरिया या गावातून २००६ मध्ये सुमारे ३२० किलोमीटरची जी शर्यत सुरू झाली, तिच्यामुळे शेतामाळांतले खडीचे रस्ते सायकलस्वारांच्या नकाशावर आले. पुढे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा भरवली. कॅन्ससच्या त्या टेकड्यांचा चुनखडक गारगोटीने इतका भरलेला आहे की तिथे नांगर नीट चालत नाही, म्हणून गवत टिकले, गुरे चरत राहिली आणि वस्ती विरळ राहिली. या खेळाला उंच शिखरे लागत नाहीत. शेतरस्त्यांचे दाट जाळे, मोटारींची तुरळक ये-जा आणि सौम्य चढउतार एवढ्यावर त्याचे भागते. या कसोटीवर अक्कलकोट तालुका महाबळेश्वरापेक्षा सरस ठरतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे दिसायला शर्यतीच्या सायकलीसारखी खाली वळलेल्या हँडलची, पण टायर बरेच रुंद, चढासाठी हलके गिअर आणि ओल्या चिखलातही चालणारे डिस्क ब्रेक असलेली सायकल. तिच्या टायरची रुंदी बहुधा ३८ ते ४५ मिलिमीटर असते. गंमत अशी की खेडोपाडी दुधाच्या कासंड्या वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलीला जो ‘अठ्ठावीस-दीड’ मापाचा टायर बसतो, त्यातला दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटरच. शर्यतीच्या नादात शहरी सायकलीचे टायर २३ मिलिमीटरपर्यंत अरुंद झाले आणि पुन्हा रुंद होत गेले. दूधवाल्याच्या सायकलीने मात्र ही रुंदी कधी सोडलीच नाही, कारण तिचा रस्ताच तसा होता. तिची अडचण निराळी आहे : वजन वीस किलोच्या घरात, गिअर एकच, आणि दांड्याचे ब्रेक उतारावर भरवसा ठेवण्याजोगे नाहीत. तरीही मैंदर्गीच्या माळावर फिरायला लाख-दीड लाखांची सायकल हवीच, असे समजण्याचे कारण नाही.

पायाखालचा खडक

सोलापूर जिल्ह्याचा पाया दख्खनच्या बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या दगडाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे लोट पुन्हा पुन्हा बाहेर पडले आणि एकावर एक थर देऊन थंड झाले. हे थर एकसारखे नाहीत. काही थर घट्ट, कठीण व अखंड आहेत. काहींत वायूचे बुडबुडे अडकल्याने पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या पांढऱ्या खनिजांनी भरल्या. विहीर खणणारे या दुसऱ्या, ठिसूळ प्रकाराला मांजऱ्या म्हणतात. पाऊस, ऊन आणि मुळे यांच्यापुढे मांजऱ्या लवकर हार खातो, कठीण थर मागे राहतो. त्यामुळे या प्रदेशात टोकदार सुळके न होता सपाट माथ्याचे माळ आणि त्यांच्या कडेने हळूहळू उतरणारे पट्टे तयार झाले. पूर्वेकडे हे लाव्हाचे आवरण पातळ होत जाते आणि कलबुर्गी जिल्ह्यात त्याखालचा जुना चुनखडक उघडा पडतो. सोलापूरच्या घराघरांतली शहाबादी फरशी तिथलीच.

बेसॉल्ट कुजतो तेव्हा आधी त्याचा मुरूम होतो, म्हणजे बोटाच्या पेरापासून वाळूच्या कणापर्यंतचे खडे आणि त्यांना धरून ठेवण्यापुरती थोडी माती यांचे मिश्रण. रस्ता बांधणाऱ्याला हे मिश्रण निसर्गाने आयते करून दिलेले आहे : मोठे खडे भार घेतात, बारीक खडे मधल्या फटी भरतात, आणि किंचित ओल असताना रोलर फिरला की माती सगळ्यांना बांधून ठेवते. स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मापात फोडलेल्या दगडांचा जो रस्ता रूढ केला, त्याचे तत्त्वही हेच, की दगड एकमेकांत अडकून बसले पाहिजेत आणि खालची जमीन कोरडी राहिली पाहिजे. खडीकरण केलेल्या ग्रामीण रस्त्यावर वरून मुरूम पसरून पाणी मारतात, तेही याच कारणासाठी.

मुरूम आणखी कुजत गेला की त्याची माती होते, आणि ती माती जागेवर राहत नाही. शेकडो पावसाळे तिला उंचावरून खाली ओढ्याकडे वाहून नेतात. म्हणून या मुलखात उंची आणि माती यांचे नाते जवळजवळ ठरलेले असते : माथ्यावर वीतभर मातीची बरड, मुरमाड जमीन, मधल्या उतारावर मध्यम काळी, आणि ओढ्या-नदीच्या काठी पुरुषभर खोल काळी कसदार जमीन. बोरी नदी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा देऊन दक्षिणेकडे येते, कुरनूर धरणात अडते, मग अक्कलकोट तालुक्यातून वाहत भीमेला मिळते. तिच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठाने हाच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. सायकलस्वाराच्या दृष्टीने या एका गोष्टीत अर्धा नकाशा आला.

काळी माती चाक का धरते

काळ्या मातीतले चिकणकण स्मेक्टाइट नावाच्या खनिज-गटाचे असतात. हा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांचा गठ्ठा असतो. सोलापुरी घरात कडक भाकऱ्यांची चवड रचून ठेवलेली असते, तिच्या प्रत्येक दोन भाकऱ्यांमध्ये जर पाण्याचा थर शिरला, तर भाकऱ्या तेवढ्याच राहूनही चवड दुप्पट उंच होईल आणि बोटाच्या धक्क्याने वरची भाकरी खालचीवरून सरकेल. या मातीचे नेमके असेच होते. पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यांच्यामध्ये कॅल्शियम-सोडियमसारखे धन भाराचे कण बसलेले असतात, आणि ते पाण्याला आत ओढतात. पाणी शिरले की माती फुगते व निसरडी होते. पाणी उडाले की आक्रसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या रुंद, कधी मीटरभर खोल भेगा पडतात.

ओल्या काळीवर चाक फिरते तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. टायर आणि जमीन यांच्यामधला मातीचा थर सरकतो म्हणून मागचे चाक जागीच फिरते. त्याच वेळी माती रबराला चिकटते, पुढच्या फेऱ्यात त्या मातीला आणखी माती चिकटते, आणि काही मीटरांतच चाक व फ्रेम यांच्यामधली फट गच्च भरून चाक फिरायचे थांबते. इथे ताकद लावण्यात शहाणपण नाही, कारण अडकलेला लगदा मागचा गिअर मोडू शकतो. थोडी ओल असलेली काळी कोरड्यापेक्षा वाईट आणि पूर्ण पाणी साचलेलीपेक्षाही वाईट, हे नवख्याला उलटे वाटते. पण मातीचा चिकटपणा सर्वांत जास्त असतो तो मधल्या ओलीत, अतिशय पातळ झालेला चिखल निदान वाहून तरी जातो.

मुरमाची गोष्ट वेगळी. खड्यांच्या फटींतून पाणी झरझर खाली उतरते आणि बांधणारी माती थोडीच असल्याने चिकटायला फारसे काही उरत नाही. म्हणूनच माळावरची वाट तासाभरात सुकते. या भागात पाऊस बेताचा, बहुतेक वर्षी पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातही जोर सप्टेंबरचा. जून-जुलैत सह्याद्री धुऊन निघत असताना मैंदर्गीच्या माळावर कितीतरी दिवस कोरडे जातात. गणपती-नवरात्राच्या सुमारास मात्र, जेव्हा पुण्याकडचे सायकलस्वार पावसाळा संपला म्हणतात, तेव्हाच इथल्या काळ्या वाटा सर्वांत वाईट असतात. ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीत तर बोरी आणि भीमा दोन्ही पात्राबाहेर आल्या होत्या.

चाक, हवा आणि खडा

आता पहिले कोडे. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये हवेच्या टायरची सनद घेतली आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये तो सायकलीला बसवला. हेतू धक्के कमी करण्याचा होता; वेग वाढला हा जणू त्यासोबत आलेला नफा. पुढच्या शंभर वर्षांत नफाच मुख्य झाला आणि हवा वाढत गेली.

टायर जमिनीला टेकतो तिथे तो किंचित चपटा होतो आणि पुढे सरकताच पुन्हा गोल होतो. हे चपटे होणे किती, याचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर साधारण ५४ किलो मागच्या चाकावर येतात. टायरमधील दाब ७० पीएसआय असेल, म्हणजे दर चौरस इंचावर ७० पौंड, तर तेवढा भार पेलायला सुमारे ११ चौरस सेंटिमीटरचा ठसा पुरतो. दाब निम्मा केला की ठसा दुप्पट, २२ चौरस सेंटिमीटर होतो. ठसा मोठा झाला की टायरचे रबर व धागे जास्त वाकतात आणि वाकण्यात गेलेल्या ऊर्जेतला काही भाग उष्णता होऊन वाया जातो. गुळगुळीत डांबरावर वाया जाण्याची एवढी एकच वाट असल्याने तिथे गच्च हवा फायद्याची ठरते.

मुरमावर वाया जाण्याची दुसरी आणि मोठी वाट उघडते. गच्च टायर खड्यावर चढतो तेव्हा खड्याला पोटात घेत नाही, अख्ख्या चाकाला आणि त्यावरच्या माणसाला उचलतो. चाक अर्धा सेंटिमीटर वर गेले, तर मागच्या चाकावरचा ५४ किलोचा भार उचलण्यात सुमारे अडीच जूल ऊर्जा जाते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण दर मीटरला असा एक खडा धरला तर किलोमीटरला अडीच हजार जूल होतात, आणि ताशी १८ किलोमीटर वेगाने, १०० वॉट श्रमाने जाणारा सायकलस्वार एका किलोमीटरला एकूण वीस हजार जूल खर्च करतो. म्हणजे आठवा हिस्सा केवळ वर उचलण्यात गेला. खड्यावरून उतरताना हा हिस्सा परत मिळत नाही, तो दंड, पाठ आणि मांड्यांच्या स्नायूंत कंपने होऊन जिरतो. थोडा मऊ टायर मात्र खड्याभोवती दबतो, चाकाचा आस जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातो, आणि वाकण्यात जास्त गेलेली ऊर्जा न उचललेल्या भारापुढे किरकोळ ठरते.

मऊ करण्यालाही सीमा आहे. टायरच्या कापडावर येणारा ताण हा दाब आणि टायरची रुंदी या दोन्हींच्या प्रमाणात असतो, म्हणून २८ मिलिमीटर टायरमध्ये ८० पीएसआय आणि ४० मिलिमीटर टायरमध्ये ५६ पीएसआय हे हाताला सारखेच कडक लागतात. अरुंद टायरची हवा कमी केली तर त्याच्या पोटात जागाच नसल्याने खडा थेट रिमवर आपटतो, मध्ये सापडलेली ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. रुंद टायरला हवेची उंची जास्त असल्याने तोच खडा पोटात मावतो. सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाच्या माणसाला ४० मिलिमीटर टायरमध्ये मुरमावर ३० ते ४० पीएसआयच्या दरम्यानची हवा बहुधा चालते, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी. दुकानातल्या कंप्रेसरवर ‘गच्च भर’ सांगण्याची सवय इथे मोडावी लागते.

ठशाचा आणखी एक उपयोग वळणावर दिसतो. कठीण माळावर जेव्हा सुटे खडे पसरलेले असतात, तेव्हा टायरला जमिनीवर मिळणारी पकड मर्यादित असते, आणि ती वेग कमी करणे व वळणे या दोन कामांत वाटली जाते. दोन्ही एकदम मागितली तर कुठलेच पुरत नाही आणि पुढचे चाक बाजूला सरकते. म्हणून वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच उतरवायचा आणि वळताना ब्रेक सोडून द्यायचा, हा नियम शिकवणारे लोक तो सवयीचा भाग म्हणून सांगतात. पण त्याच्यामागे हा हिशेब आहे.

रस्त्यावरच्या आडव्या लाटा

भीमेकाठच्या उसाच्या पट्ट्यात, विशेषतः गाळप हंगामात ट्रॅक्टरच्या दुहेरी ट्रॉल्या फिरू लागल्या की, मुरमाच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने आडव्या लाटा उमटतात आणि त्यांच्यावरून जाताना सायकलीचा खुळखुळा होतो. लाटा एवढ्या नेमक्या अंतरावर का पडतात, याचे उत्तर वाहनाच्या स्प्रिंगमध्ये असावे असा जुना समज होता. निकोलस टाबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकलवेन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाळूच्या गोलाकार पट्टीवर एक साधे चाक फिरवले, आणि स्प्रिंग नसतानाही लाटा पडल्या. चाकाचा आकार, कणांची जाडी, बरेच काही बदलून पाहिले तरी लाटा टळल्या नाहीत. वेग एका मर्यादेखाली ठेवला तरच पृष्ठभाग सपाट राहिला.

घडते ते असे. रस्त्यावर कुठेतरी एक बारीक उंचवटा असतोच. वेगातले चाक त्यावरून किंचित उडते आणि पलीकडे आदळते, आदळताना तिथले खडे खाली व पुढे ढकलते, त्यातून एक खळगा आणि त्याच्यापुढे नवा उंचवटा तयार होतो, आणि पुढच्या प्रत्येक चाकाची उडी तिथूनच सुरू होते. लाटांचे अंतर अर्धा मीटर आणि वेग ताशी १८ किलोमीटर असेल तर सायकलस्वाराला सेकंदाला दहा धक्के बसतात. वेग वाढवला की चाक लाटांच्या माथ्यांवरून उडत जाते व धक्के कमी वाटतात खरे, पण चाक निम्मा वेळ हवेत असल्याने ब्रेक आणि वळण दोन्ही कामातून जातात; रस्त्याच्या कडेने, जिथे ट्रॉलीचे चाक पोहोचत नाही त्या हातभर पट्टीने जाणे बरे.

जुन्या बैलगाडीने असल्या लाटा पाडल्या नाहीत, कारण तिचा वेगच तेवढा नव्हता. पण तिच्या लोखंडी धावेने वाटेत दोन खोल चाकोऱ्या कापल्या. अजूनही काही जुन्या गाडीवाटांवर त्या दिसतात, आणि त्यात अडकलेले सायकलचे चाक बाहेर काढायला हँडल वळवले तर हमखास पडायला होते. चाकोरी उथळ होईपर्यंत तिच्यातूनच जावे, किंवा आधीच मधल्या गवताच्या पट्टीवर चढावे.

चौकट : कोणती जमीन, कोणता काळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या वाटांचा खरा हंगाम. काळ्या रानात रब्बीची ज्वारी, हरभरा व करडई उभी असते आणि गाडीवाटा दबून टणक झालेल्या असतात.

मार्च ते मे मुरूम उत्तम, पण काळ्या वाटांवर बारीक धुळीचा फुफाटा साचतो आणि त्याखालचे खड्डे दिसत नाहीत. दुपारी पारा चाळिशीपार. फिरणे सकाळी नवापर्यंत उरकावे.

जून ते ऑगस्ट केवळ माळाची मुरमाड वाट. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओढ्याकाठची काळी पूर्ण टाळावी.

बागायती उसाच्या पट्ट्यात पाणी साचून चोपण झालेली जमीन कोणत्याही महिन्यात फसवते.

वाट कशी निवडावी

या मुलखात मार्ग आखताना अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. ओढे बहुतेक एका दिशेने नदीकडे उतरतात, त्यांच्यामध्ये माळाच्या लांबट पाठी असतात. पाठीवरून, म्हणजे दोन ओढ्यांचे पाणी जिथे वेगळे होते त्या रेषेवरून जाणारी वाट ओढा ओलांडत नाही, मुरमावरच राहते आणि चढउतारही सौम्य असतात. तिला आडवी जाणारी वाट मात्र प्रत्येक ओढ्यात उतरते व पलीकडे चढते. दर दोन किलोमीटरला पंधरा मीटर खोलीचा एक ओढा धरला तर साठ किलोमीटरात साडेचारशे मीटर चढाई होते, म्हणजे खोपोलीहून लोणावळ्याला चढणाऱ्या घाटाचा मोठा भाग, तोही सपाट दिसणाऱ्या प्रदेशात. शिवाय उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाला वापरता येत नाही, कारण नेमका तळाशी वाळूचा पट्टा किंवा पाण्याखाली गेलेली फरशी असते.

वाटा शोधण्याचे जुने व विश्वासू साधन म्हणजे गाव नकाशा. त्यावर गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने आणि पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरतात. हे विचित्र आकडे जुन्या मोजणीच्या ३३ फुटी साखळीतून आले आहेत : साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. उपग्रहाच्या नकाशात ठळक दिसणारी रेघ मात्र एखाद्याच्या शेताचा खासगी बांधही असू शकते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात तो शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. फिरायला आलेल्याचा त्यावर हक्क नाही. बांधावर माणूस दिसला तर विचारून पुढे जावे. बहुधा नकार मिळत नाही, उलट दुसरी बरी वाट कळते.

दोन दिशा विशेष उल्लेखनीय आहेत. एक, दक्षिणेला भीमेकडे हिळ्ळी बंधाऱ्यापर्यंत : माळावरून सुरुवात, मग हळूहळू काळी, मग ऊस, असा मातीचा सगळा क्रम एका सकाळीत पाहायला मिळतो. दुसरी, उत्तरेला कुरनूरवरून बोरीच्या उगवत्या अंगाने नळदुर्गकडे, जिथे किल्ल्याच्या बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल पावसाळ्यात नदीच्या धारेमागे राहतो. हा पल्ला लांबचा, एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट नको. शहरातून येणाऱ्याला सोलापूर–वाडी लोहमार्गावरचे अक्कलकोट रोड किंवा दुधनी स्थानक सोयीचे पडते.

काटे, कुत्री आणि माळ

या वाटांवर टायरचा मोठा शत्रू खडा नव्हे, सराटा. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस या जमिनीसरपट वाढणाऱ्या वेलीचे फळ सुकले की फुटून त्याचे टणक काटेरी तुकडे होतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एक काटा वरच राहतो. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात हीच वनस्पती पसरल्यावर तिथले सायकलस्वार हैराण झाले होते. ट्यूबलेस टायर, म्हणजे ट्यूबशिवाय रिमवर हवाबंद बसणारा टायर, त्यावर चांगला उपाय आहे : आत ओतलेला रबराच्या चिकाचा द्रव छिद्राकडे धावतो, बाहेरच्या हवेत घट्ट होतो आणि भोक बुजवतो. सराट्याला तो पुरतो. बाभळीचा बोटभर काटा आत शिरला तर त्याला तसाच ठेवून घरापर्यंत यावे, काढला की हवा जाते. उन्हाळ्यात हा द्रव लवकर सुकतो, याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते.

धनगरांच्या वाड्याजवळची कुत्री पळणाऱ्या चाकामागे धावतात, थांबलेल्या माणसामागे सहसा नाही. उतरून, सायकल आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरून चालत गेले की प्रश्न मिटतो. सोलापूरच्या माळांवर लांडगा आहे, हेही या कुत्र्यांच्या तिखटपणाचे एक कारण.

‘इथे जंगल नाही’ हे वाक्य वनखात्याच्या कागदांतही दीर्घकाळ वेगळ्या शब्दांत वावरले आणि माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावण्याच्या मोहिमा झाल्या. वास्तविक कमी पावसाच्या, उथळ मुरमाच्या जमिनीवर कुसळी, पवन्या, मारवेल यांचे गवत आणि तुरळक बोर-बाभूळ-हिवर हीच पूर्ण वाढलेली परिसंस्था असते. काळवीट, खोकड, धाविक, पखुर्डी, माळटिटवी आणि चंडोल यांना दाट झाडी नको असते. १९७९ मध्ये सोलापूर–बार्शी रस्त्यावरील नान्नज परिसरासाठी माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले, ते अशाच गवतासाठी. सुरुवातीला ८,४९६ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र पुढे १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले गेले, आणि माळढोक मात्र तिथून जवळजवळ नाहीसा झाला. अभयारण्यात परवानगीवाचून सायकल नेता येत नाही. सावलीच्या झाडीतून चढउताराची वाट हवीच असेल तर बालाघाटाच्या डोंगरातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्य धाराशिव जिल्ह्यात आहे, तिथेही हाच नियम.

माळटिटवी, धाविक व चंडोल उघड्या जमिनीवर, खड्यांतच अंडी घालतात आणि अंड्यांचा रंग मुरमाशी इतका मिळतो की सायकलस्वाराला ती दिसण्याची शक्यता नसते. म्हणून उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या मध्यापर्यंत मळलेली वाट सोडून गवतात चाक घालू नये. वाटेत चाकोरी पडली आहे म्हणून तिच्या बाजूने नवी वाट पाडण्याचा मोह टाळणे त्याहून महत्त्वाचे. उथळ मुरमावरचे गवत एकदा चिरडले गेले की पावसाचे पाणी त्याच रेषेने धावते, माती धुऊन नेते आणि दोन-तीन वर्षांत तिथे घळ होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्यात शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली आणि पुष्कळ गाडीवाटांवर खडी, मुरूम, कुठे पुढे डांबरही पडते आहे. ज्या काळ्या वाटेवर सप्टेंबरात पोर आजारी पडले तर त्याला उचलून न्यावे लागत होते, तिथे खडीकरण व्हावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. आक्षेप घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे : माथ्यावरच्या बरड वाटेला, जिला पावसाने कधी फारशी इजा केली नाही, पुष्कळदा आधी रोलर लागतो, कारण तिथे मुरूम जवळ मिळतो आणि काम लवकर दिसते, खालची काळी, जिथे मोरी, गटार आणि फूटभर भराव यांशिवाय रस्ता टिकणारच नाही, ती पुढच्या टप्प्यासाठी राहते. ओढ्याच्या दोन्ही अंगांची दोनशे-दोनशे मीटर काळी आधी हाती घेतली, तर शेतकऱ्याची बारमाही वाट होते आणि सायकलस्वाराचा साठ किलोमीटरचा फेराही तिथेच तुटायचा थांबतो.